हातातली नळी आणि तिच्याभोवतीची कातडी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला ‘कॅन्सरशी झुंज’ हा विषय सुचवला होता. मी म्हटलं, झुंज बिंज काही नको. झुंजायचं काम डॉक्टरांनी आणि औषधांनी केलं, मी बराचसा वेळ पलंगावर पडून होते. शिवाय त्या विषयावर बोलणारे माझ्यापेक्षा चांगले वक्ते आहेत. मी आज अगदी लहानशा जागेबद्दल बोलणार आहे. माझ्या उजव्या दंडावरचा चार बोटं लांब आणि चार बोटं रुंद असा चौकोन. गेल्या दीड-दोन वर्षांत आपल्या मंडळातल्याच तीन घरांतून मला फोन आले आणि तिघांचा प्रश्न एकच होता, “वहिनी, नळीभोवती कातडी लाल झालीय, खाज थांबत नाही. नळी काढायला लागेल का हो?” म्हणून हा विषय.

ज्यांना या नळीशी कधी गाठ पडली नाही (आणि पडू नये) त्यांच्यासाठी थोडं सांगते. साधं सलाईन लावतात ती सुई तीन-चार दिवसांत बदलावी लागते. पण केमोथेरपी सहा-सहा महिने चालते, हाडातल्या इन्फेक्शनला सहा सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं, काहींचं आतडं काम करत नाही म्हणून अन्नच शिरेतून द्यायचं असतं. अशा वेळी दंडातल्या शिरेतून एक बारीक, मऊ नळी सरकवत थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेतात. तिला पिक लाइन म्हणतात. छातीवर कातडीखालून काढलेली असते ती हिकमन, आणि जी पूर्णपणे कातडीखाली पुरतात ते पोर्ट. नळी मोठ्या शिरेत नेण्याचं कारण असं की केमोची काही औषधं हातातल्या छोट्या शिरेला भाजून काढतात. मला जे लाल औषध होतं, ते शिरेबाहेर थेंबभर सांडलं तरी आसपासचं मांस जळतं. मोठ्या शिरेत रक्ताचा ओघ इतका असतो की औषध तिथल्या तिथे पातळ होतं.

ही कल्पना कुणाला सुचली, याची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९२९ साली जर्मनीत एबर्सवाल्डे नावाच्या गावी वेर्नर फोर्समान हा २५ वर्षांचा शिकाऊ डॉक्टर होता. वरिष्ठांनी नको म्हटलेलं असताना त्याने स्वतःच्या हाताच्या शिरेतून ६५ सेंटीमीटर नळी आत घातली आणि त्याच अवस्थेत जिने उतरून एक्स-रेच्या खोलीत गेला. नळीचं टोक हृदयात पोचलंय हे त्याने फोटो काढून दाखवलं. शाबासकी राहिली बाजूला, टीकाच जास्त झाली. १९५६ साली मात्र त्याला नोबेल मिळालं. पुढे १९७३ मध्ये ब्रोवियाकने आणि १९७९ मध्ये हिकमनने, दोघंही अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचे, महिनोन् महिने ठेवता येतील अशा नळ्या काढल्या. १९७३ म्हणजे आपल्या होसूर रोडवरचं किडवाई हॉस्पिटल सुरू झालं ते वर्ष. तेव्हा ज्या पेशंटना केमो मिळत असे, त्यांच्या हाताच्या शिरा दोरखंडासारख्या कडक झालेल्या मी लहानपणी एका मावशीच्या हातावर पाहिल्या आहेत.

तर नळी ही सोय आहे, यात शंका नाही. अडचण नळीची नसतेच. अडचण असते ती नळीभोवतीच्या चिकटपट्टीची, तिच्याखालच्या औषधाची, घामाची, आणि आपल्या कातडीची.

माझा हिशेब सांगते. २०२२ च्या जून महिन्यात माझ्या डाव्या बाजूचं स्तनाचं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि केमो सुरू व्हायची होती. चार डोस दर तीन आठवड्यांनी, म्हणजे १२ आठवडे, आणि मग १२ डोस दर आठवड्याला. एकूण २४ आठवडे. पारदर्शक ड्रेसिंग आठवड्यातून एकदा बदलायचं असतं, म्हणजे निदान २४ वेळा एकाच जागी चिकटवायचं आणि एकाच जागेवरून सोलायचं. तुम्ही भिंतीवर एकाच ठिकाणी २४ वेळा सेलोटेप लावून काढून बघा, रंगाचं काय होतं ते. कातडीचंही तेच होतं. दर वेळी वरचा पापुद्रा थोडा थोडा चिकटून निघून येतो. त्यात केमोमुळे नवी कातडी तयार व्हायचा वेग मंदावलेला.

पहिली चार ड्रेसिंग काहीही न होता पार पडली. पाचव्या आठवड्यात खाज सुरू झाली. सहाव्या आठवड्यात ड्रेसिंग काढलं तर खाली बरोब्बर चौकोनी लाल डाग, त्यात मोहरीएवढे पाण्याचे फोड, आणि दोन ठिकाणी कातडी ओली. बघणारा प्रत्येक जण म्हणाला, “प्लास्टरची अ‍ॅलर्जी.” शेजारच्या काकूंनी अरिशिन लावायला सांगितलं, म्हणजे आपली हळद. सांगलीहून जाऊबाईंचा फोन आला, खोबरेल तेल लाव. घराजवळच्या एका छोट्या दवाखान्यात, जिथे एकदा सोयीसाठी ड्रेसिंग करून घेतलं होतं, तिथल्या मंडळींनी तर सरळ सांगितलं की इन्फेक्शन आहे, नळी काढून टाका.

आता नळी काढणं म्हणजे काय ते बघा. डाव्या हाताच्या काखेतल्या गाठी काढलेल्या, त्यामुळे त्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टासुद्धा नको. उरला उजवा हात. त्यातली नळी काढली तर केमो थांबवायची, किंवा पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना पोर्ट बसवायला पुन्हा टेबलावर जायचं. लाल औषधाचे दोन डोस अजून बाकी होते. म्हणजे प्रश्न नुसत्या खाजेचा नव्हता, सगळी ट्रीटमेंट त्या चौकोनावर येऊन अडली होती.

आमच्या डॉक्टरांनी आणि केमो वॉर्डच्या सिस्टरनी घाई केली नाही. त्यांनी आधी एकच गोष्ट ठरवली: हे इन्फेक्शन आहे का नाही? ही पारख मला फार शिकण्यासारखी वाटली, म्हणून जरा सविस्तर सांगते. इन्फेक्शन असेल तर लाली नळीच्या छिद्रापासून सुरू होऊन बाहेर पसरते, जागा गरम लागते, दाबलं की ठणकते, छिद्रातून पू येतो. ताप असतो. नळीतून सलाईनचं पाणी सोडल्यावर अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरली तर ती फार वाईट खूण. माझ्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. छिद्राच्या अगदी जवळची जागा बाकीच्यापेक्षा जास्त बिघडलेली नव्हती आणि लाली होती ती ड्रेसिंगच्या आकाराची. जंतूंना भूमिती येत नाही, असं आमच्या सिस्टर म्हणाल्या. लाली काटकोनात वळत असेल तर दोष वरून लावलेल्या कशाचा तरी. तरी त्यांनी स्वॅब पाठवला, रक्त तपासलं, आणि ते रिपोर्ट येईपर्यंत रोज बघायला बोलावलं.

एक गोष्ट इथे आपल्यासाठी महत्त्वाची. पुस्तकांत आणि पत्रकांत ‘लाली’ असा शब्द असतो, तो गोऱ्या कातडीवरून आलेला आहे. आपल्या सावळ्या रंगावर लाली लाल दिसत नाही. ती काळपट, जांभळट दिसते, कधी नुसतीच चमकदार आणि ताणलेली. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. बोटाच्या मागच्या बाजूने गरम लागतंय का बघावं, आणि दुसऱ्या दंडाशी ताडून बघावं. आमचे हे दर ड्रेसिंगच्या वेळी मोबाईलवर फोटो काढायचे, त्याच ट्यूबलाइटखाली, त्याच खुर्चीत, शेजारी शिवणाची टेप ठेवून. ३१ वर्षं कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला काढलेला माणूस, त्यांना कामच मिळालं. पण त्या फोटोंचा डॉक्टरांना खरोखर उपयोग झाला.

इन्फेक्शन नाही हे ठरल्यावर मग पुढचे प्रश्न. कातडी सोलवटली आहे का, म्हणजे ड्रेसिंग खसकन ओढल्यामुळे? औषध वाळायच्या आत वरून चिकटवल्यामुळे पोळली आहे का? घाम आत कोंडून घामोळं झालंय? का खरीच अ‍ॅलर्जी आहे? चारही गोष्टी वरून सारख्याच दिसू शकतात आणि पेशंट चारहींना ‘अ‍ॅलर्जी’ असंच म्हणतो. उपाय मात्र चारांचे वेगळे. २०१७ साली काही परदेशी तज्ज्ञांनी नेमकी हीच छाननी पायरीपायरीने कशी करायची याचा आराखडा प्रसिद्ध केला. तोवर नळीभोवतीच्या कातडीकडे गंभीर विषय म्हणून फारसं कुणी बघत नव्हतं. नळी महत्त्वाची, कातडी काय, भरून येते, असा एकंदर भाव.

खऱ्या अ‍ॅलर्जीबद्दल लोकांची एक समजूत असते, की ती पहिल्यांदाच दिसायला हवी. “चार वेळा काही झालं नाही, मग आताच कसं?” हे मी किती जणांकडून ऐकलं! पण बायकांनी आपापलं कपाळ आठवावं. वर्षानुवर्षं टिकली लावतो आणि एके दिवशी टिकलीच्या आकाराची खाज सुरू होते. (टिकलीच्या डिंकातल्या एका रसायनाने तर काही जणींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो, आपल्याच देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी ते दाखवून दिलं आहे.) शरीराची त्या पदार्थाशी आधी ओळख व्हावी लागते. ओळख पटली की मग पुढच्या भेटीला एक-दोन दिवसांत भांडण. बिब्बा उततो तो असाच. धोब्याने कपड्यावर बिब्ब्याची खूण केली आणि नेमकी तिथेच कातडी उतली, हे जुन्या पिढीला ठाऊक आहे.

आणि गाजर गवत! हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण ती पुणे-बेंगळूरु अशी दोन्हीकडची गोष्ट आहे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात अभ्यासकांनी या गवताची नोंद केली आणि बघता बघता ते देशभर पसरलं. इथे त्याला काँग्रेस गिड म्हणतात. पुण्याच्या आसपास शेतात राबणाऱ्या, रोज त्याच वाटेने जाणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर, मानेवर, कोपरांवर असा काही इसब उठायचा की लोक हैराण झाले. पहिल्या दिवशी काही नाही, दोन-चार वर्षं त्या गवतातून गेल्यावर. त्या गवतावर उतारा म्हणून मेक्सिकोतला एक भुंगेरा १९८३ मध्ये आणला गेला तो आपल्या बेंगळूरुमध्येच, आणि १९८४ मध्ये सोडला. मी नवीन नवीन इथे आले होते तेव्हाची गोष्ट.

तर मुद्दा असा की चार ड्रेसिंग नीट झाली म्हणून पाचव्याने अ‍ॅलर्जी होणार नाही असं नाही. उलट तसंच होतं.

आता कशाची अ‍ॅलर्जी, हे शोधणं. माझ्या दंडावर एका वेळी तीन गोष्टी लागत होत्या. कातडी पुसायला क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक, स्पिरिटमध्ये मिसळलेलं. मग पारदर्शक चिकट पापुद्रा. आणि त्या पापुद्र्याच्या मध्यभागी, नळीच्या छिद्रावर येईल अशी, त्याच क्लोरहेक्झिडिनची जेलसारखी गादी. “सगळंच बदलून टाकूया,” असं एका ज्युनियर डॉक्टरांचं मत पडलं. आमच्या ह्यांनी तिथे नम्रपणे हात वर केला आणि म्हणाले, “डॉक्टर, आमच्या शॉपफ्लोअरवर एका वेळी एकच बदल करायचा नियम होता. नाहीतर दोष कशात होता ते कळत नाही.” मोठे डॉक्टर हसले, पण त्यांनाही तेच पाहिजे होतं.

त्यांनी असं केलं. नळीच्या जागेला दहा दिवस चिकटपट्टीच नाही. निर्जंतुक गॉझ, वरून जाळीचा बँडेज, पुसायला क्लोरहेक्झिडिनऐवजी पोव्हिडोन आयोडीन. गॉझचं ड्रेसिंग दर दोन दिवसांनी बदलावं लागतं, त्यामुळे हॉस्पिटलच्या फेऱ्या वाढल्या, आणि चिकटपट्टी नसल्यामुळे नळी सरकायची भीती होती. म्हणून नळीचा बाहेरचा भाग रोज मोजायचा. आमचा ६ सेंटीमीटर होता, तो दहाही दिवस ६ च राहिला. ह्यांनी त्याचाही तक्ता केला. फोडांभोवती डॉक्टरांनी स्टेरॉइडचं लोशन दिलं, छिद्रापासून लांब लावायचं आणि थोडेच दिवस. क्रीम किंवा मलम मुद्दाम दिलं नाही, कारण तेलकट कातडीवर पुढे काही चिकटत नाही, आणि काही मलमं नळीच्या प्लॅस्टिकलाच खातात. जाऊबाईंचं खोबरेल आणि काकूंची हळद का चालत नाही, त्याचं उत्तरही यातच आलं. घराघरांत अँटिबायोटिक पावडरचा डबा असतो, तीही नको. त्यातल्या निओमायसिनची अ‍ॅलर्जी पुष्कळांना असते, म्हणजे एक खाज घालवताना दुसरी आणायची.

इकडे मांडीवर, कारण डावा हात ऑपरेशनच्या बाजूचा म्हणून वर्ज्य, त्यांनी चार छोटे तुकडे लावले: साधा पारदर्शक पापुद्रा, औषधी गादीवाला पापुद्रा, कागदी टेप, आणि सिलिकॉनचा मऊ डिंक असलेली पट्टी. दोन दिवसांनी काढलं. तीन जागा स्वच्छ. गादीच्या जागी खाजणारा, उठलेला लाल डाग.

म्हणजे सगळे ज्याला दोष देत होते ते प्लास्टर निर्दोष सुटलं. गुन्हेगार निघालं जंतुनाशक!

यावर कुणी घरी जाऊन क्लोरहेक्झिडिनच्या नावाने बोटं मोडू नयेत. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये निघालेलं हे औषध नळीच्या इन्फेक्शनपासून आजवर असंख्य लोकांना वाचवत आलं आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात आयसीयूमधली नळीची इन्फेक्शन्स हात धुणं, क्लोरहेक्झिडिन अशा चार-पाच साध्या गोष्टी कटाक्षाने पाळून जवळजवळ संपवली, त्याचा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. बहुतेकांना ते सोसतं. पण ज्याला सोसत नाही, त्याने ते विसरून चालत नाही, आणि माझ्या आजच्या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. कातडीवरची अ‍ॅलर्जी एक, आणि क्वचित का होईना, याच औषधाने अंगभर गांधी उठून, श्वास कोंडून, बीपी कोसळण्याची घटना होते. जपानमध्ये १९९० च्या दशकात हे औषध लावलेल्या नळ्यांमुळे असे प्रकार घडले आणि त्या नळ्या तिथे मागे घेतल्या गेल्या. अमेरिकेच्या औषध खात्यानेही २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला. ज्यांना असा जोराचा झटका येतो, त्यांच्यातल्या काहींना आधी कधीतरी किरकोळ खाज किंवा पुरळ येऊन गेलेलं असतं.

म्हणून घरी आल्यावर आम्ही बाटल्या तपासल्या. आपल्याकडचं सॅव्हलॉन घ्या, त्यावर बारीक अक्षरात क्लोरहेक्झिडिन लिहिलेलं आहे. केमोत तोंड येतं म्हणून दिलेलं गुळण्यांचं औषध बघितलं, त्यातही तेच! ते नुकतंच लिहून मिळालं होतं, बाटली फोडलेली नव्हती, डॉक्टरांना विचारून बदलून घेतली. ऑपरेशनच्या वेळी लघवीची नळी घालताना जी जेल वापरतात, त्यातही ते असू शकतं. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर आता लाल शाईने ‘क्लोरहेक्झिडिन अ‍ॅलर्जी’ लिहिलेलं आहे. केमो संपून काही महिने गेल्यावर त्वचारोगतज्ज्ञांकडे रीतसर पॅच टेस्ट केली, पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी आणि चार दिवसांनी वाचतात ती. त्यात पक्कं झालं. मांडीवरचा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली तातडीपुरता ठीक, पण शिक्कामोर्तब पॅच टेस्टनेच. आणि ज्याला एकदा श्वास कोंडला आहे किंवा गांधी उठल्या आहेत, त्याने असले तुकडे लावायचे प्रयोग अजिबात करू नयेत.

बाकी ज्यांना खरोखर डिंकाची अ‍ॅलर्जी असते, त्यांच्यासाठी सिलिकॉनच्या डिंकाची ड्रेसिंग मिळतात. महाग आहेत आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये असतीलच असं नाही, आधी फोन करावा. जुन्या पद्धतीच्या जाड चिकटपट्टीत राळ असते, ती पुष्कळांना चावते. कातडीवर आधी लावायची एक संरक्षक फिल्म मिळते, स्पिरिट नसलेली. ती वाळली की तिच्यावर ड्रेसिंग चिकटवायचं, म्हणजे पुढच्या वेळी सोलताना फिल्म निघते, कातडी वाचते.

वाळणं! या एका शब्दासाठी मी सिस्टरचे पाय धरायला तयार आहे. क्लोरहेक्झिडिन-स्पिरिट असेल तर निदान अर्धा मिनिट, आयोडीन असेल तर दीड-दोन मिनिटं, आपोआप वाळू द्यायचं. फुंकर नाही, वर्तमानपत्राने वारा नाही, गॉझने टिपणं नाही. ओल्यावर पापुद्रा चिकटवला की स्पिरिट आत कोंडतं आणि अ‍ॅलर्जी नसलेली कातडीसुद्धा पोळते. गर्दीच्या दवाखान्यात ही दोन मिनिटंच पहिल्यांदा गायब होतात. मी तोंडाने मोठ्यांदा आकडे मोजायचे. सिस्टर हसायच्या, पण थांबायच्या.

काढतानाही तसंच. वर ओढायचं नाही. एक कोपरा सोडवून ड्रेसिंग कातडीला समांतर, खालच्या खाली, दुसऱ्या हाताच्या बोटाने कातडी दाबून धरत, नळीच्या छिद्राच्या दिशेने सोडवायचं, म्हणजे नळी बाहेर ओढली जात नाही. केसाळ दंड असेल तर केस कात्रीने किंवा क्लिपरने कापायचे, वस्तरा फिरवायचा नाही. आणि हे सगळं ज्याला शिकवलं आहे त्यानेच करावं, मी वर्णन केलं म्हणून कुणी घरी सोलायला बसू नये.

बेंगळूरुची हवा आपल्याला या बाबतीत सांभाळून घेते. पण त्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे एक लग्न होतं मुंबईला. मी गेले नाही. त्या दमट हवेत आठवड्याचं ड्रेसिंग तीन दिवस टिकलं नसतं. ड्रेसिंगची कड सुटली किंवा आत घाम, पाणी दिसलं, तर सातवा दिवस उजाडायची वाट बघायची नसते, त्याच दिवशी बदलायचं. आंघोळीला दंडावर प्लॅस्टिक गुंडाळून हात बाहेर. मऊ सुती ब्लाऊजची जुनी बाही कापून मी नळीवर घालायची पिशवी केली होती, ती दुकानातल्या महागड्या पट्ट्यापेक्षा बरी निघाली. खाज असह्य झाली तर ड्रेसिंगच्या वरून, कोरड्या कापडात गुंडाळलेली थंड पिशवी थोडा वेळ धरायची. नखं कापलेली, कारण झोपेत हात जातोच.

त्या वर्षी ३१ ऑगस्टला चतुर्थी होती. पांढऱ्या पेशी कमी म्हणून मी मंडळात आले नाही, घरीच मास्क लावून आरती. मोदकाच्या पाकळ्या पाडायला मात्र सिस्टरनी परवानगी दिली होती: बोटांची कामं कर, पाटा-वरवंटा, पाण्याच्या बादल्या नको. गुलाल घरातच येऊ दिला नाही. तोवर कातडी वरून वाळली होती, साधा पापुद्रा आणि आयोडीन यावर कारभार चालू होता. नळी नोव्हेंबरअखेर निघाली, २४ आठवडे पूर्ण करून. दंडावर आता एक तिळाएवढा डाग आहे आणि त्याभोवती अंधुक चौकोन, उन्हात गेलं की दिसतो.

कुठल्या लक्षणांना दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही तेवढं सांगते. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर. हुडहुडी. छिद्रातून पू. हात, मान किंवा चेहरा सुजणं, दंडात किंवा मानेत दुखणं, ही शिरेत गाठ झाल्याची खूण असू शकते. नळीची बाहेरची लांबी वाढणं. बाहेर आलेली नळी कधीही परत आत ढकलायची नाही. आणि ड्रेसिंगनंतर अंगावर गांधी, ओठ सुजणं, दम लागणं, तर सरळ १०८.

शेवटचं जरा आपलं, म्हणजे बाहेरून येऊन इथे राहिलेल्यांचं. आपण मराठीत ‘खाज’, ‘आग’ आणि ‘ठणका’ असे तीन वेगळे शब्द वापरतो आणि डॉक्टरांना त्या फरकावरूनच पुष्कळ कळतं. इथे रात्रपाळीच्या सिस्टरशी बोलताना आपण इंग्रजीत नुसतं ‘पेन’ म्हणून मोकळे होतो. खाज म्हणजे तुरिके. आग होणं म्हणजे उरि. दुखणं म्हणजे नोवु. पू म्हणजे कीवु, आणि ताप म्हणजे ज्वर, तो शब्द तर आपलाच. गावाकडून सासूबाई किंवा आई सोबतीला आली असेल तर तिलाही हे पाच शब्द शिकवून ठेवा. मी त्यांचा कागद करून झेरॉक्स काढून आणल्या आहेत, मागे पावतीपुस्तकाच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी सध्या नळी आहे त्यांनी आरतीनंतर मला भेटावं, दंडाचा फोटो मोबाईलवर असेल तर घेऊन या.